दोन संगणकांचे घरगुती जाळे

एकाच घरातील दोन संगणकांना फाइली, प्रिंटर वा इंटरनेट सामायिकपणे वापरता यावे यासाठी केलेली जोडणी. ती थेट तारेने, राउटर किंवा स्विचमार्फत अथवा बिनतारी करतात.

थेट जोडणी बहुधा ईथरनेटची, म्हणजे संगणकांना तारेने जोडण्याच्या प्रचलित पद्धतीची, असते. ईथरनेटचे आरंभवर्ष सर्वत्र एकच दिलेले आढळत नाही. झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रातील रॉबर्ट मेटकाफ यांचे टिपण मे १९७३ चे, तर मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांचा शोधनिबंध १९७६ चा आहे. मूळ कल्पना टिपणातच आलेली असल्याने १९७३ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. घरगुती जाळ्यासाठी मात्र १९९० साल महत्त्वाचे. त्या वर्षी पीळदार जोड्यांची (दोन-दोन तारांना एकमेकींचा पीळ दिलेली) केबल १० मेगाबिट वेगासाठी आयईईई ८०२.३ या ईथरनेटच्या मानकात आली आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर (संदेश टोकावरून परतू न देणारे रोध) लागणारी समाक्ष (कोॲक्सिअल) केबल हळूहळू मागे पडली.

सेकंदाला १० व १०० मेगाबिट वेगात संगणकाचे पोर्ट १ व २ या पिनांवरून संदेश पाठवते, ३ व ६ वर घेते. दोन संगणक सरळ केबलने जोडले, तर दोघेही एकाच जोडीवर पाठवतात आणि दुसरी जोडी मुकी राहते. क्रॉसओव्हर केबलमध्ये १ ची तार ३ ला व २ ची ६ ला जाते. त्यासाठी एक टोक टी५६८ए, दुसरे टी५६८बी या तारांच्या ठरीव रंगक्रमाने बांधावे. दोहोंत फरक फक्त नारिंगी व हिरव्या जोडीच्या अदलाबदलीचा आहे. गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट) वेगाची जाळे-कार्डे सहसा ही अदलाबदल स्वतःच करतात, त्यामुळे सरळ केबलही चालते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली असल्यास काही कार्डे १०० मेगाबिटवर उतरतात, काहींची जोडणीच होत नाही. सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट अपेक्षित असताना ११–१२ च मिळत असतील, तर आधी केबलची टोके तपासावीत. टोक बांधताना पीळ १३ मिमी.पेक्षा जास्त उलगडू नये.

थेट जोडणीत पत्ते वाटणारा राउटर नसतो. म्हणून १९२.१६८.५०.१ व १९२.१६८.५०.२ असे पत्ते हाताने द्यावेत. सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग जाळ्याचा हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, गेटवे (बाहेरच्या जाळ्याकडे नेणाऱ्या यंत्राचा पत्ता) रिकामा. वाय-फायचे पत्ते याच मालिकेतले असतील तर मालिका बदलावी, अन्यथा संदेश भलत्या वाटेने जातात. पत्ते न दिल्यास विंडोज १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतः घेते. त्यावरही फाइली जातात. पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) एका दिशेने जाते आणि उलट दिशेने जात नाही, याचे नेहमीचे कारण फायरवॉल (बाहेरून येणारे संदेश अडवणारी प्रणाली) होय: गेटवे नसलेले जाळे विंडोज अनोळखी व सार्वजनिक मानते. ते खासगी ठरवावे.

दोन्ही संगणक वाय-फायवर असतील, तर राउटरमार्फत जाणारे प्रत्येक पॅकेट (माहितीचा तुकडा) हवेतून दोनदा जाते. दोघे एकाच चॅनलवर असल्यास वेग जवळपास निम्मा होतो. एक संगणक तारेने राउटरला जोडणे हा सोपा उपाय.

यूएसबीने जोडताना सहसा मध्ये चिप असलेली ब्रिज केबल लागते. दोन्ही टोकांना ए-प्लग (यूएसबीचे नेहमीचे चपटे आयताकृती टोक) असलेली साधी केबल वापरू नये. दोन्ही संगणक ५ व्होल्ट पुरवत असल्याने पोर्टला इजा होऊ शकते.