लाकडाच्या भुशावर बुरशीद्वारे विकरनिर्मिती

लाकूड कापताना व रंधताना उरणाऱ्या भुशावर, छिलक्यांवर बुरशी वाढवून तिने पेशीबाहेर सोडलेली विकरे, म्हणजेच एन्झाइमे, गोळा करण्याची पद्धत. कागदाच्या लगद्याचे विरंजन, डेनिमचा रंग उतरवणे, रंगयुक्त सांडपाण्यावरील प्रक्रिया आणि लाकूड-काडीकचऱ्यापासून साखर काढणे ही या विकरांची मुख्य कामे.

कोणते विकर हवे, यावर बुरशीची निवड ठरते. ट्रॅमेटिस व्हर्सिकलर आणि धिंगरी अळिंबी या पांढरी कूज आणणाऱ्या बुरशा लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू सांधणारा कठीण पदार्थ, फोडतात; त्यांच्याकडून लॅकेज व मँगनीज पेरॉक्सिडेज ही लिग्निन फोडणारी विकरे मिळतात. लिग्निन पेरॉक्सिडेजचा शोध १९८३ मध्ये फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियममध्ये लागला. सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडून साखर करणारे विकर, हवे असल्यास ट्रायकोडर्मा रीसाय ही बुरशी वापरतात. तिचा मूळ वाण दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सैन्याच्या कुजलेल्या सुती कापडावर सापडला होता. आजचे बहुतेक औद्योगिक वाण त्याचेच वंशज आहेत. तिच्यात बीटा-ग्लुकोसिडेज (शेवटच्या टप्प्यात ग्लुकोज सुटी करणारे विकर) कमी असते, म्हणून ॲस्परजिलस नायजरचे विकर जोडीला देतात. तपकिरी कूज आणणाऱ्या बुरशा लाकूड झपाट्याने खातात, पण त्यासाठी बऱ्याच अंशी लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या अभिक्रियेवर विसंबतात. विकरांसाठी त्या सहसा निवडत नाहीत.

बुरशी विकरे हौसेने बनवत नाही. आयती ग्लुकोज मिळाली की सेल्युलेजची जनुके दबतात. म्हणून माध्यमात गूळ किंवा साखर घातल्यास कवकजाल (बुरशीच्या तंतूंचे जाळे) भरघोस दिसते आणि अर्क मात्र निकामी निघतो. नायट्रोजनचे गणित याहून नाजूक. भुशात कार्बन नायट्रोजनच्या २०० ते ५०० पट असतो, त्यामुळे १० ते २० टक्के गव्हाचा कोंडा मिसळण्याची रीत आहे. ट्रायकोडर्मा व धिंगरीला तो मानवतो. फॅनेरोकीटचे लिग्निन पेरॉक्सिडेज मात्र नायट्रोजनची उपासमार झाल्यावरच स्रवते. तिथे कोंडा घालणे म्हणजे उत्पादन बंद पाडणे.

भुसा रुंदपर्णी झाडांचा असल्यास उत्तम. सूचिपर्णी लाकडात लिग्निन २५ ते ३५ टक्के असते, शिवाय राळ वाढ रोखते. प्लायवूड, एमडीएफ किंवा तांबे-क्रोमियम-आर्सेनिक मुरवलेल्या लाकडाचा भुसा अजिबात घेऊ नये. कणांचा आकार ०.५ ते २ मिलिमीटर ठेवावा. त्याहून बारीक भुसा दाबून बसतो आणि आत हवा खेळत नाही. सेल्युलेज हवे असल्यास कच्चा भुसा निराशा करतो, कारण सेल्युलोज लिग्निनने झाकलेले असते. असा भुसा १ ते २ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात १२१ अंश सेल्सिअसला अर्धा ते एक तास ठेवून, सामू (पीएच) उदासीन होईपर्यंत धुवावा. धुणे अर्धवट राहिले तर बुरशी उगवतच नाही.

ओलावा ६० ते ७० टक्के हवा. पूर्ण कोरड्या १०० ग्रॅम मिश्रणाला सुमारे १८५ मिलिलिटर पाणी दिल्यास तो ६५ टक्के होतो. भुशात आधीच असलेले पाणी यातून वजा करावे. मिश्रण मुठीत दाबल्यावर बोटांतून एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर पाणी जास्त झाले. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना ४५ ते ६० मिनिटे निर्जंतुक करून पूर्ण थंड होऊ द्यावे. मग ५ ते १० टक्के स्पॉन (बुरशीचे तयार बियाणे), किंवा ग्रॅमला दहा लाख ते एक कोटी बीजाणू मिसळावेत. ट्रेमधला थर ३ ते ५ सेंटिमीटरच ठेवावा. वाढत्या बुरशीची उष्णता जाड थरातून बाहेर पडत नाही, मधला भाग तापतो आणि कवकजाल मरते. बहुतेक जातींना २५ ते ३० अंश पुरतात. फॅनेरोकीटला ३७ ते ३९ लागतात. लॅकेज वाढवण्यासाठी ओलाव्यात सुमारे १ मिलिमोलर होईल इतके मोरचूद तिसऱ्या-चौथ्या दिवशी फवारतात. सुरुवातीलाच दिल्यास तांबे कोवळ्या कवकजालाला विषारी ठरते.

काढणी साधारण ७ ते १४ दिवसांत होते, पण दिवस मोजून नव्हे, दर दोन दिवसांनी नमुना तपासून. कमाल पातळीनंतर प्रोटिएजेस, म्हणजे प्रथिने तोडणारी विकरे, तीच विकरे खाऊ लागतात. पांढऱ्या कुजीच्या ट्रेमध्ये हिरवे डाग दिसले तर बहुधा ट्रायकोडर्माने शिरकाव केलेला असतो. तो ट्रे टाकून द्यावा.

एक ग्रॅम ओल्या मिश्रणास १० मिलिलिटर, ५० मिलिमोलर सायट्रेट बफर (सामू ४.८) घालून तासभर हलवावे, मलमलीतून पिळावे आणि ४ अंशांना सेंट्रिफ्यूज करावे. सेल्युलेजचा काही भाग लिग्निनला चिकटून राहतो, ०.१ टक्के ट्वीन-८० हे साबणासारखे द्रव्य त्यातला काही सोडवते. लॅकेज एबीटीएस या रंग बदलणाऱ्या रसायनाच्या साहाय्याने ४२० नॅनोमीटरवर मोजतात. सेल्युलेजसाठी सुमारे ५० मिलिग्रॅम गाळणकागद अर्कात ५० अंशांना तासभर ठेवून, सुटलेली साखर मोजणारी डीएनएस चाचणी करतात. अर्कातील तपकिरी फिनॉले आणि उरलेली साखर आकडा फुगवतात, म्हणून कागदाशिवाय केवळ अर्काचे वाचन वेगळे घेऊन वजा करावे.