सरळ रेषा दिसली की समजावं

चेंबूरकडच्या एका कारखान्यात सांडपाण्याचं ऑनलाइन मीटर बघायला गेले होते. ऑपरेटरने आउटलेटच्या चरातून हातभर लांब स्टीलचा प्रोब वर ओढला, खिशातून दात घासायचा जुना ब्रश काढला आणि प्रोबच्या खाचेतल्या काचेवरची तपकिरी बुळबुळीत साय घासून काढली. प्रोब परत पाण्यात सोडला. पडद्यावरचा सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रसायनांनी जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप, १८० वरून ११० वर आला. "पाणी तेच आहे मॅडम. काच घाण होती."

तोवर तो १८० चा आकडा शीवला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि दिल्लीत केंद्रीय मंडळाकडे पोचलेला होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना अशी यंत्रं बसवायला सांगितलं. साखर, दारू, कागद, चामडं, औषधं, खतं, तेलशुद्धीकरण हे सगळे त्यात आले, म्हणजे आपल्या माहुल-तुर्भ्याकडचे मोठे कारखानेही. दर पंधरा मिनिटांनी आकडा जातो आणि मर्यादा ओलांडली की एसएमएस येतो.

आता गंमत बघा. पाठवल्या जाणाऱ्या आकड्यांत बीओडीही असतो. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप. प्रयोगशाळेत तीनशे मिलिलिटरची बाटली २७ अंशांवर अंधारात ठेवतात आणि तीन दिवसांनी उघडतात. (जुनी पद्धत २० अंशांवर पाच दिवसांची. आपल्या हवेत जिवाणू लवकर उरकतात.) सीओडीसाठी तेच पाणी डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लात दोन तास उकळावं लागतं. मग तीन दिवसांचं उत्तर पंधरा मिनिटांत येतं कुठून?

येतं अंदाजातून. बऱ्याच प्रोबमध्ये २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पाण्यातून आरपार सोडतात. बेंझिनसारखी वलयं असलेले सेंद्रिय रेणू तो शोषतात. किती प्रकाश हरवला यावरून यंत्र सीओडी आणि बीओडी काढतं. हा हिशोब बसवायचा तर त्याच नाल्याचं पाणी प्रयोगशाळेत तपासून दोन्ही आकडे जुळवून घ्यावे लागतात. दुसऱ्या कारखान्याचं सूत्र इथे चालत नाही. कारण साखर आणि अल्कोहोल हा प्रकाश जवळजवळ शोषतच नाहीत. गुलाबजामच्या पाकाने भरलेला नाला या प्रोबला स्वच्छ वाटू शकतो, आणि बाटलीतले जिवाणू मात्र त्यावर ताव मारतील. उलट काचेवर साय चढली की प्रकाश तिथेच अडतो आणि यंत्राला वाटतं, पाणीच घाण झालं.

पुढचा प्रवास तारेतून होतो. मीटर आकड्याचा विद्युतप्रवाह करतं, ४ ते २० मिलिअँपिअर. शून्यासाठी शून्य न ठेवता ४ ठेवण्यात शहाणपण आहे: उंदराने तार कुरतडली की प्रवाह खरोखर शून्य होतो आणि बिघाड लगेच ओळखू येतो. पण एक चूक यातही सुटते. मीटर ० ते ५०० वर लावलंय आणि डेटा लॉगरला (मीटरचे आकडे नोंदवून पुढे पाठवणारी पेटी) कुणी ० ते २५० सांगितलं, तर १२ मिलिअँपिअर म्हणजे मीटरच्या मते २५० आणि लॉगरच्या मते १२५. सगळे आकडे निम्मे, आलेख अगदी छान. असा घोळ महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून मला चढउतारांपेक्षा सरळ रेषेची जास्त धास्ती वाटते. खरं सांडपाणी शिफ्टप्रमाणे बदलतं, टाकी धुतली की उसळतं, जुलैच्या पावसात पातळ होतं. दोन दिवस ४२, ४२, ४२ दिसलं तर प्रोब अडकलाय, नाहीतर पाण्यातच नाही. एका ठिकाणी (नाव कशाला!) तो नळाच्या पाण्याच्या बादलीत आरामात बसलेला मी पाहिलाय.

कायद्याला हे ठाऊक नसेल असं नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या २१ व्या कलमात नमुना घेण्याची पद्धत ठरवून दिली आहे: आधी नोटीस, मग कारखान्याच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग, सील आणि सह्या. आजही एसएमएस आला की कुणालातरी बाटली घेऊन नाल्यापाशी जावंच लागतं.

निघताना मी चेंबूरच्या त्या ऑपरेटरकडे महिन्याचा आलेख मागितला. रेषा करवतीच्या दात्यांसारखी होती: आठवडाभर हळूहळू चढायची आणि दर सोमवारी धपकन उतरायची. रजिस्टरमध्ये सोमवारपुढे "प्रोब साफ केला" आणि सही. एका सोमवारची जागा कोरी होती. त्या आठवड्यात रेषा चढतच गेली होती आणि दोन एसएमएस येऊन गेले होते.

"त्या दिवशी गणपतीसाठी गावाला होतो," तो म्हणाला आणि ब्रश धुऊन खिशात ठेवला.