तेलबियांचे ऊतिसंवर्धन आणि क्लोनशुद्धता

तेलबिया वनस्पतीचा लहानसा तुकडा निर्जंतुक बाटलीत पोषक माध्यमावर वाढवून मूळ झाडाच्या गुणांची रोपे तयार करणे, आणि ती खरोखर तशीच निघाली का हे तपासणे. अकोट-अंजनगाव पट्ट्यातल्या केळीमुळे ‘टिश्यू कल्चर’ हा शब्द विदर्भात घरोघरी पोचला. पण केळीचा हिशेब तेलबियांना लागू पडत नाही. ४५ × ५ सेंमी. अंतरावर पेरलेल्या सोयाबीनची हेक्टरी सुमारे ४.४४ लाख झाडे होतात. एवढी रोपे बाटलीतून काढून लावणे कुणालाच परवडणार नाही. त्यामुळे हंगामी पिकांत हे तंत्र नवे वाण घडवणाऱ्या पैदासकाराच्या कामाचे आहे. थेट लागवडीसाठी त्याचा विचार होतो तो मोह, करंज अशा झाडांत.

भंडारा-गोंदियाकडे उभ्या धानात उतेरा म्हणून टाकतात ते जवस बाटलीत फार गुणी वागते. कोवळ्या रोपाचा बीजदलांखालचा दोऱ्यासारखा देठ अर्ध्या सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापून मुराशिगे व स्कूग यांनी १९६२ मध्ये सुचवलेल्या पोषक माध्यमावर आडवा ठेवतात. लिटरला ३० ग्रॅम साखर, माध्यम घट्ट करायला ७-८ ग्रॅम अगर, सामू (पीएच) ५.८ च्या आसपास. काही आठवड्यांत सालीवर हिरवे ठिपके उठतात आणि त्यांचेच कोंब होतात. करडई मात्र हट्टी. कोंब काचेसारखे पाणचट होतात, मुळे धरत नाहीत, कधी तर बाटलीतच बोंड येते.

मोहाचे परागण परझाडाशी होते, म्हणून भरघोस झाडाच्या टोळांची (बियांची) रोपे तशीच निघतील याचा भरवसा नाही, आणि फळ धरायला आठ-दहा वर्षे जातात. क्लोन, म्हणजे मूळ झाडाची हुबेहूब प्रत, हवी ती यासाठी. पण जुन्या झाडाचा डोळा कापला की चीक येतो, माध्यम तपकिरी पडते. आजतरी मोहासाठी मृदुकाष्ठ कलमच जास्त खात्रीचे.

कोंब थेट न फुटता आधी कॅलस, म्हणजे पेशींचा गोळा, झाला आणि तो वारंवार नव्या माध्यमावर हलवला की रोपांत फरक शिरतात. लार्किन व स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ मध्ये त्यांना ‘सोमाक्लोनल’ भेद म्हटले. कधी ते वरदान ठरतात: मोहरीचे ‘पुसा जयकिसान’ हे वाण ‘वरुणा’च्या अशाच भेदातून निवडले गेले. कधी घात करतात. तेलताडाचे क्लोन पाने-खोडाने धडधाकट दिसले आणि फुलोऱ्यावर आल्यावर त्यांतल्या काहींची फुले विकृत निघाली. २०१५ मध्ये कारण सापडले. डीएनएचा क्रम तोच होता. डीएनएतल्या ‘कर्मा’ नावाच्या एका घटकावरची मिथिल खूण (जनुकाचे काम ताब्यात ठेवणारा रासायनिक शिक्का) पुसली गेली होती.

म्हणून आयएसएसआर किंवा एसएसआर या डीएनए-चाचण्यांत क्लोन आणि मूळ झाड यांच्या पट्ट्या जुळल्या तरी काम संपत नाही. या चाचण्या जनुकसंचाचा थोडाच भाग पाहतात आणि मिथिल खुणा त्यांना दिसत नाहीत. गुणसूत्रे मोजावी लागतात (जवसात ३०, करडईत २४). क्लोन मातृवाणाशेजारी लावून बी येईपर्यंत वाढवावे लागतात आणि तेलाचे प्रमाण व मेदाम्ले ताडून पाहावी लागतात.

बाटलीतल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा विदर्भात ही रोपे बाहेर काढली तर दुपारपर्यंत माना टाकतात; म्हणून मोहाची रोपे पावसाळ्यात, जवसाची रब्बीत काढणे बरे. जवसाचा निकाल त्याच हंगामात कळतो. मोहाचा कळायला दहा वर्षे लागतील, आणि तेवढे थांबल्याशिवाय त्याचे क्लोन शेतकऱ्याच्या बांधावर जाऊ नयेत.