उशिरा आलेल्या कबुलीचे गणित

समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींत हल्ली एक वाक्य वारंवार भेटते : प्रेमकथेची अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका पाहताना मेंदूत डोपामाइन हे ‘आनंदाचे रसायन’ स्रवते, म्हणून ती पाहून समाधान वाटते आणि म्हणूनच ती सुटत नाही. त्यापाठोपाठ ‘डोपामाइन डिटॉक्स’चे सल्लेही येतात. डोपामाइन हे शरीरातून काढून टाकण्याजोगे विष नव्हे; ते तयार करणाऱ्या मध्यमेंदूतील पेशी मरू लागल्या की पार्किन्सनचा आजार होतो, एवढे लक्षात घेतले तरी या सल्ल्यांचा पोकळपणा कळून यावा. मात्र त्यामागचा प्रश्न चांगला आहे. प्रेमकथेच्या अ‍ॅनिमेत शेवटी काय होणार हे पहिल्याच भागात ठाऊक झालेले असते. जी गोष्ट घडणार हे माहीत आहे, ती प्रत्यक्ष घडल्यावर इतके भरून का यावे?

उदाहरणादाखल ‘किमी नी तोदोके’ ही मालिका घेऊ. कारुहो शिइना यांच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) ‘प्रॉडक्शन आय.जी.’ या स्टुडिओने केलेल्या या मालिकेचे 25 भागांचे पहिले पर्व ऑक्टोबर 2009 ते मार्च 2010 या काळात जपानमध्ये प्रसारित झाले. सावाको कुरोनुमा ही लांब काळ्या केसांची, अतिशय बुजरी शाळकरी मुलगी. शोता काझेहाया हा वर्गातील सर्वांचा लाडका मुलगा. दोघे एकमेकांवर प्रेम करतात हे प्रेक्षकाला फार लवकर कळते, पण त्या दोघांना ते कळत नाही. जपानी शाळकरी जगात प्रेम जुळले असे केव्हा म्हणायचे याचा एक ठळक क्षण असतो : एकाने दुसऱ्यासमोर उभे राहून ‘मला तू आवडतेस’ असे स्पष्ट शब्दांत सांगायचे. त्यांच्याकडे याला ‘कोकुहाकु’ म्हणतात. पुढील विवेचनासाठी हा ठळकपणा महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे बक्षीस मिळाले की नाही याविषयी संदिग्धता उरत नाही.

आता स्वित्झर्लंडमधील फ्रिबोर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जाऊ. तेथे वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतील डोपामाइन-पेशींचे संकेत एकेका पेशीच्या पातळीवर नोंदवले. या पेशी एरवीही सेकंदाला काही वेळा, संथपणे संकेत देत असतात. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की त्या जोरात उसळतात. पण रसापूर्वी दरवेळी एक दिवा लावला आणि माकडाला त्याची सवय झाली की उसळी दिव्याकडे सरकते. प्रत्यक्ष रस मिळताना पेशी ढिम्म राहतात. आणि दिवा लागूनही रस दिला नाही, तर रस यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी पेशींचे संकेत नेहमीच्या पातळीच्याही खाली जातात. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग यांनी 1997 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याचा अर्थ लावला : या पेशी आनंद मोजत नाहीत, अपेक्षा आणि वास्तव यांतील तफावत मोजतात. त्यांनी वापरलेले सूत्र संगणकशास्त्रातून आलेले आहे आणि ते शब्दांत असे मांडता येते :

तफावत = आत्ता मिळालेले बक्षीस + पुढच्या क्षणीची अपेक्षा − या क्षणाची अपेक्षा

(दूरच्या बक्षिसाची किंमत थोडी कमी धरणारा एक गुणकही त्यात असतो, तूर्त तो बाजूला ठेवू.)

या सूत्रातील मधले पद फार मोलाचे आहे. बक्षीस शून्य असले तरी अपेक्षा वाढली की तफावत धन होते. ‘किमी नी तोदोके’च्या दुसऱ्या पर्वाच्या आरंभी फेब्रुवारीतील चॉकलेट देण्याचा दिवस येतो. सावाको ओळखीच्या मुलांसाठी रिवाजाची चॉकलेटे करते आणि काझेहायासाठी वेगळे, मनापासूनचे चॉकलेट करते. कबुलीचे मूल्य 100 मानू आणि आज ती होईल अशी आपली अपेक्षा 20 होती असे धरू. तिने त्याच्यासाठी वेगळे चॉकलेट केलेले पाहताच ती अपेक्षा 60 वर जाते. काहीही घडलेले नसताना तफावत अधिक 40. नंतर इतरांना चॉकलेटे मिळतात आणि त्याचे मात्र तिच्याकडेच राहते. अपेक्षा 15 वर कोसळते, तफावत उणे 45. पडद्यावर एक मुलगी पिशवी हातात धरून उभी आहे, एवढेच दृश्य आहे. चढउतार सारा आपल्या डोक्यात झालेला आहे.

येथे एक गणिती अडचण उभी राहते. प्रेक्षकाचे अंदाज वाजवी असतील, तर त्याच्या अपेक्षेच्या चढउतारांची सरासरी शून्यच यायला हवी. उद्या आपली अपेक्षा वाढणार हे आजच माहीत असते, तर आपण ती आजच वाढवली असती. त्यामुळे लेखकाला प्रेक्षकावर नुसत्या सुखद धक्क्यांचा वर्षाव करता येत नाही. जेफ्री एली, अलेक्झांडर फ्रँकेल आणि एमिर कामेनिका या अर्थशास्त्रज्ञांनी 2015 साली ‘जर्नल ऑफ पॉलिटिकल इकॉनॉमी’मध्ये हाच प्रश्न रीतसर सोडवला. त्यांच्या मांडणीत उत्कंठा म्हणजे आपला अंदाज पुढच्या क्षणी किती बदलू शकतो, आणि आश्चर्य म्हणजे तो प्रत्यक्षात किती बदलला. दोन्हींचा साठा मर्यादित असल्यामुळे तो कथाभर कसा खर्चायचा, हा लेखकापुढचा खरा प्रश्न ठरतो.

पण प्रेमकथेत शेवट ठरलेला असेल, तर साठा मुळातच रिकामा नाही का? माझ्या मते या कोड्याचे सर्वांत सुंदर उत्तर 2017 साली हार्वर्डमधील उंदरांनी दिले. क्लारा स्टार्कवेदर, नाओशिगे उचिदा, सॅम्युअल गर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना एक वास दिला आणि त्यानंतर पाण्याचा थेंब. थेंब नेमका केव्हा येईल हे ठरलेले नव्हते. तो साधारण सव्वा ते पावणेतीन सेकंदांच्या दरम्यान केव्हाही येई. एका प्रयोगात तो दरवेळी येई. दुसऱ्या प्रयोगात दहांपैकी नऊ वेळा येई, एकदा येतच नसे. फरक एवढाच, पण परिणाम उलटे निघाले. जेथे थेंब निश्चित होता तेथे तो जितका उशिरा आला तितकी डोपामाइन-पेशींची उसळी लहान होत गेली. जेथे दहातली एक वेळ हुलकावणीची होती, तेथे तो जितका उशिरा आला तितकी उसळी मोठी होत गेली.

याचे कारण एसटीच्या थांब्यावर उभे राहिलेल्या कोणालाही समजेल. गाडी सुटल्याचे नियंत्रकाने सांगितले असेल, तर जसजसा वेळ जाईल तसतशी ‘आता येईलच’ ही खात्री वाढते आणि गाडी आली की त्यात नवल वाटत नाही. पण आजची फेरी रद्दही झाली असू शकते असे असेल, तर प्रत्येक रिकामे मिनिट रद्द झाल्याचा संशय वाढवते, आणि मग वळणावर दिसलेली गाडी देवासारखी भासते.

हे आकड्यांत पाहू. ज्यांना आकडे नकोत त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. समजा बक्षीस येण्याच्या नऊ संधी आहेत, प्रत्येकीची शक्यता दहा टक्के, आणि उरलेले दहा टक्के म्हणजे कधीच न येणे. आरंभी ‘येणार’ ही अपेक्षा 90. चार संधी रिकाम्या गेल्या की उरतात पाच संधींचे 50 आणि ‘कधीच नाही’चे 10, म्हणजे 60 पैकी 50, सुमारे 83. सात रिकाम्या गेल्यावर 30 पैकी 20, सुमारे 67. आठ रिकाम्या गेल्यावर 20 पैकी 10, नेमके 50. पहिल्याच संधीला बक्षीस आले असते तर तफावत 100 वजा 90, म्हणजे 10. नवव्या संधीला आले तर 100 वजा 50, म्हणजे 50. पाचपट. शिवाय वाटेतील प्रत्येक रिकाम्या संधीची उणी तफावतही वाढत जाते : पहिली रिकामी गेली तर जेमतेम एकाची घट, आठवी रिकामी गेली तर सतरांची. याउलट ‘कधीच नाही’ ही शक्यता शून्य केली की अपेक्षा वेळेबरोबर 100 कडेच सरकते (वर बाजूला ठेवलेला गुणक येथे काम करतो) आणि उशिरा आलेल्या बक्षिसाची तफावत शून्याकडे जाते.

समाधान देणाऱ्या प्रेमकथेचे मर्म मला येथे दिसते. शेवट ठरलेला असून चालतो, पण पूर्णपणे ठरलेला असून चालत नाही. ‘कदाचित कधीच नाही’ ही दहा टक्क्यांची फट खरी वाटली पाहिजे. ‘किमी नी तोदोके’त ही फट सावाकोच्या स्वभावात आहे. वर्षानुवर्षे टाळली गेलेली ही मुलगी आपण कोणाला आवडू शकतो हे गृहीतच धरत नाही, आणि काझेहायाला तिच्या आदराच्या वागण्यात प्रेम दिसत नाही. दोघांच्या मनातले प्रेक्षकाला माहीत असते, पण ते बोलतील की नाही हे माहीत नसते.

दुसरी फट अ‍ॅनिमेच्या व्यवसायाने दिलेली आहे. जपानी दूरचित्रवाणीवर मालिका तीन-तीन महिन्यांच्या, म्हणजे साधारण 12-13 भागांच्या गठ्ठ्यांत येतात आणि पुष्कळदा मूळ मांगा तोवर संपलेला नसतो. ‘किमी नी तोदोके’चा मांगा 2017 पर्यंत चालला, पहिल्या पर्वाचे 25 भाग कबुलीविनाच संपले आणि दुसरे पर्व जानेवारी 2011 मध्ये आले. अनेक मालिकांना दुसरे पर्व मिळतच नाही, आणि हे अनुभवी प्रेक्षक जाणतो. म्हणून बाराव्या भागाच्या उत्तरार्धात, समारोपाच्या गाण्याचे सूर शेवटच्या दृश्याखाली हळूच सुरू होतात तेव्हा त्याच्या पोटात खड्डा पडतो : गाणे तर आले, कबुली कुठे आहे?

हीच फट खोटी वाटू लागली की सारे बिघडते. शब्द ओठांवर आले आणि नेमकी आगगाडी गेली, आतषबाजी झाली, फोन वाजला, ही क्लृप्ती एकदा चालते. तिसऱ्यांदा तीच वापरली की प्रेक्षक शिकतो, अगदी त्या माकडासारखाच शिकतो, की हा दिवा रसाचा नाही. मग नायक थांबून ‘ऐक ना’ म्हणाला तरी अपेक्षा 20 वरून हलत नाही, आणि जिथे चढ नाही तिथे उतारही नाही, केवळ कंटाळा आहे. ‘किमी नी तोदोके’च्या दुसऱ्या पर्वाच्या मध्यावर गैरसमजांचा धागा गरजेपेक्षा दोनएक भाग अधिक ताणला गेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही शाळेच्या महोत्सवाच्या दिवसांत सावाको स्वतः धावत जाऊन बोलते तेव्हा तो ताण माफ करावासा वाटतो, कारण अडथळा बाहेरून आणलेला नव्हता आणि बाहेरून दूरही केलेला नाही.

या मालिकेतील एक गोष्ट विज्ञानप्रेमी वाचकाला विशेष आवडावी. सावाकोच्या डोळ्यांत तीन सेकंदांहून अधिक पाहिले तर शाप लागतो, असा तिच्या शाळेत समज असतो. एकानेही घड्याळ लावून तो तपासून पाहिलेला नसतो, आणि एका मुलीचे बालपण मात्र त्यात एकाकी जाते. गंमत अशी की याच अ‍ॅनिमेविश्वात पात्रांच्या ओळखपत्रांवर रक्तगट आवर्जून छापतात, कारण रक्तगटावरून स्वभाव आणि जोडीदाराशी जुळणे ठरते अशी जपानमध्ये लोकप्रिय समजूत आहे. केन्गो नावाता यांनी 2014 साली जपान व अमेरिकेतील दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली, तेव्हा रक्तगट आणि स्वभाव यांत अर्थपूर्ण संबंध आढळला नाही. छत्तीस गुण मोजून लग्ने ठरवणाऱ्या आपण त्यांना हसण्याचे कारण नाही.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. उंदरांच्या अडीच सेकंदांवरून 25 भागांच्या प्रतीक्षेकडे उडी मारताना गणित तेच राहते, पण आठवड्यांच्या कालपट्टीवर मेंदू हे काम त्याच पेशींकडून करून घेतो असे त्यातून सिद्ध होत नाही. माणसांतील जवळचा पुरावा संगीताचा आहे : व्हॅलोरी सलिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि सहकाऱ्यांनी 2011 साली दाखवले की आवडत्या गाण्यातील अंगावर काटा आणणाऱ्या जागेची वाट पाहताना आणि ती जागा प्रत्यक्ष येताना मेंदूच्या दोन निरनिराळ्या भागांत डोपामाइन मोकळे होते. ते गाणे ऐकणाऱ्याला पाठ असते, तरीही.

दुसरी गोष्ट म्हणजे तफावत हे समाधान नव्हे. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांनी ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामाइन जवळजवळ नष्ट केले होते, ते स्वतःहून खाईनासे झाले. पण जिभेवर साखरपाणी टाकले की ते पूर्वीसारखेच मिटक्या मारत. हवेसे वाटणे आणि गोड लागणे या वेगळ्या यंत्रणा आहेत, आणि दुसरीत मेंदूतील अफूसदृश रसायनांचा वाटा मोठा आहे. चांगली मालिका म्हणूनच कबुलीनंतर लगेच पडदा पाडत नाही. ती दोघांना शेजारी बसवून मिनिटभर काहीही घडू देत नाही, आणि थोडक्या चित्रांत काम भागवणारी अ‍ॅनिमेची काटकसर तेथे कामी येते.

पण त्या मिनिटानंतर पुढे काय? ‘किमी नी तोदोके’चे तिसरे पर्व तेरा वर्षांनी, ऑगस्ट 2024 मध्ये, नेटफ्लिक्सवर आले तेव्हा सावाको आणि काझेहाया यांचे जुळलेले होते आणि मुख्य तफावत खर्च झालेली होती. पटकथेने मग उत्कंठेचा बराचसा भार सावाकोच्या मैत्रिणींच्या जोड्यांवर, म्हणजे चिझुरु आणि र्यू, आयाने आणि केन्तो यांच्यावर सोपवला, आणि त्यातील किमान एका जोडीच्या बाबतीत ‘कदाचित कधीच नाही’ ही शक्यता दहा टक्क्यांहून बरीच मोठी वाटते.