साखर गेली आणि गुठळ्या आल्या

गेल्या डिसेंबरात आत्या पुण्याला आमच्याकडे राहायला आली. तिला मधुमेह होऊन नऊ वर्षं झाली. बिनसाखरेचा चहा तिच्या केव्हाच अंगवळणी पडलाय, पण थंडीत जेवणानंतर कपभर हॉट चॉकलेट ही तिची जुनी हौस. मी म्हटलं, त्यात काय, विकतच्या ड्रिंकिंग चॉकलेटऐवजी साधी कोको पावडर घेऊ आणि साखरेच्या जागी गोडीच्या दोन गोळ्या टाकू. कपात उकळतं दूध ओतलं, वर दोन चमचे कोको टाकला आणि ढवळायला लागलो. कोको बुडेचना. दुधावर तपकिरी बेटं तरंगायला लागली. त्यातलं एक चमच्याने दाबलं तर ते फुटलं आणि आतून कोरडी ठाक पावडर बाहेर आली. आत्याने एक घोट घेऊन कप खाली ठेवला. "अरे, हे चॉकलेट आहे की काढा?"

विकतच्या डब्यातली पावडर अशी रुसत नाही. का, ते डब्याच्या मागेच लिहिलेलं असतं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, आणि ड्रिंकिंग चॉकलेटच्या बहुतेक डब्यांवर पहिलं नाव साखरेचं असतं, कोको त्यानंतर. म्हणजे आपण कोकोत साखर घातलेली नसते, साखरेत कोको घातलेला असतो. ही साखर फक्त गोड करत नाही. ती कोकोचे कण एकमेकांपासून सुटे ठेवते, कडवटपणा झाकते, पेयाला थोडा दाटपणा देते आणि चमच्याने मोजता येईल इतकं आकारमान देते. ती काढली की ही सगळी कामं उघडी पडतात. मी त्यातल्या एकाच कामावर बदली माणूस नेमला होता.

गुठळ्यांचं कोडं पिठलं करणाऱ्या कुणालाही लगेच कळेल. उकळत्या पाण्यात बेसन एकदम ओतलं तर गोळे होतात. गोळ्याच्या बाहेरच्या पिठाला गरम पाणी लागताच त्यातला स्टार्च फुगतो आणि चिकट साल तयार होते. ती साल पाण्याला आत जाऊ देत नाही, म्हणून आतलं पीठ कोरडंच राहतं. कोकोतही स्टार्च असतो. शिवाय नेहमीच्या कोको पावडरीत १० ते १२ टक्के कोको बटर असतं, आणि मेद पाण्याला जवळ करत नाही. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, त्यामुळे थंड दुधात कोको आणखीच आडमुठेपणा करतो. कोकोत साखर मिसळलेली असली तर चित्र वेगळं असतं. साखरेचे दाणे कोकोच्या कणांच्या मध्ये बसलेले असतात. पाणी लागताच ते विरघळतात, त्यांच्या जागी वाटा तयार होतात आणि त्या वाटांनी पाणी आतपर्यंत पोचतं.

साखर नसेल तर उपाय पिठल्याचाच: पीठ पेरायचं नाही, कालवायचं. कपात कोको घ्यायचा, त्यात दोन चमचेच गरम पाणी घालायचं आणि चमच्याच्या पाठीने घोटायचं. मिनिटभरात चकचकीत पेस्ट होते. पाणी कमी का, यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. पातळ दुधात चमचा फिरवला की गुठळी प्रवाहाबरोबर नुसती पुढे सरकते, तिच्यावर जोरच येत नाही. दाट पेस्टमध्ये तिला पळायला जागा नसते. आजूबाजूचा दाट लगदा तिला दोन्हीकडून घासतो आणि फोडतो. चंदन उगाळताना सहाणेवर थेंबभरच पाणी घेतात ना, तसंच. पेस्ट झाल्यावर मग दूध थोडं थोडं ओतत जायचं.

तयार मिश्रण डब्यात भरून ठेवायचं असेल, तर मात्र कणांच्या मध्ये बसणारं काहीतरी हवंच. इथे गोडीच्या गोळ्या आणि थेंब कुचकामी ठरतात. १०० ग्रॅम साखरेइतकी गोडी स्टीव्हिया नावाच्या वनस्पतीपासून काढलेल्या शुद्ध अर्कातून हवी असेल, तर तो फार तर अर्धा ग्रॅम लागतो, कारण तो साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतो. सुक्रालोज तर साधारण ६०० पट गोड, म्हणजे १०० ग्रॅम साखरेचं काम ग्रॅमच्या सहाव्या हिश्श्यात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे वजन दिसतही नाही.

सुक्रालोजची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हॉफ यांच्या प्रयोगशाळेत शशिकांत फडणीस हे भारतीय संशोधक साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडण्याचे प्रयोग करत होते. एका नव्या संयुगाची चाचणी घ्या, 'टेस्ट' करा, असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांना ऐकू आलं चव घ्या. त्यांनी ते सरळ जिभेवर ठेवलं, आणि ते भलतंच गोड निघालं. आपण मराठीत दोन्ही इंग्रजी शब्दांचा उच्चार 'टेस्ट' असाच करतो, त्यामुळे हा घोटाळा मला अगदी घरचा वाटतो. साखरेच्या रेणूवरच्या तीन हायड्रॉक्सिल गटांच्या जागी क्लोरीनचे तीन अणू बसवले की सुक्रालोज होतं. जिभेवरचे गोडी ओळखणारे ग्राहक-रेणू त्याला साखरेपेक्षा घट्ट धरतात, पण शरीर ते जवळजवळ वापरतच नाही.

तर कणांमध्ये जागा धरायची, विरघळायचं आणि वजनही द्यायचं, या तिन्ही कामांना एरिथ्रिटॉल बरं पडतं. हे एक शर्करा-अल्कोहोल आहे. नावात अल्कोहोल असलं तरी दारूशी त्याचा संबंध नाही. दिसायला साखरेसारखे दाणे, गोडी साखरेच्या ६० ते ७० टक्के, आणि ग्रॅमला फक्त ०.२ किलोकॅलरी. ते लहान आतड्यातच बहुतांश शोषलं जातं आणि लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. मॅल्टिटॉलसारखे त्याचे भाऊबंद मोठ्या आतड्यापर्यंत पोचून तिथल्या जिवाणूंना मेजवानी देतात. शुगरफ्री चॉकलेट जास्त खाल्ल्यावर पोटात गुडगुड होते, ती याच मेजवानीची.

एरिथ्रिटॉलचा दाणा नुसता जिभेवर ठेवून पाहा. पुदिना खाल्ल्यासारखं गार वाटतं. विरघळताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं, ग्रॅममागे साधारण १८० जूल. साखर याच्या दहाव्या हिश्श्याइतकीच घेते. चॉकलेटच्या वडीत हा गारवा खटकतो. आपल्या कपात मात्र तो जाणवतच नाही, कारण विरघळण्याचा कार्यक्रम तोंडात न होता आधीच कपात उरकलेला असतो. किंमत दूध मोजतं. १५० मिलिलिटर दुधात १२ ग्रॅम एरिथ्रिटॉल विरघळलं की दुधाचं तापमान तीन-साडेतीन अंशांनी उतरतं. आत्याला चॉकलेट कढत लागतं, म्हणून मी दूध अगदी कढत असतानाच ओततो.

एरिथ्रिटॉल मिक्सरमधून फिरवून कोकोइतकंच बारीक करून घ्या. नाहीतर चिवड्याच्या डब्यात होतं ते इथे होईल. डबा हलला की बारीक माल फटींतून खाली झिरपतो आणि जाड दाणे वर राहतात. चिवड्याच्या तळाशी मीठ-साखर साचते ती त्यामुळेच. पहिला कप गोड आणि शेवटचा कडू नको असेल तर दळणं गरजेचं.

कडूपणाचं काय? त्यासाठी कोकोच नीट निवडावा लागतो. १८२८ मध्ये नेदरलँड्समधल्या व्हान हाउटेन यांनी कोकोच्या लगद्यातून मेद दाबून काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि कोको पावडर नावाची वस्तू त्यातून जन्माला आली. पुढे याच घराण्यातल्या कूनराड यांनी कोकोवर क्षाराची प्रक्रिया सुरू केली. नैसर्गिक कोको आंबटसर असतो, त्याचा पीएच साडेपाचच्या आसपास. क्षार दिल्यावर तो सात किंवा त्याच्या थोडा वर जातो, रंग गडद होतो, आंबट-तुरटपणा कमी होतो आणि पावडर पाण्यात जरा सहज मिसळते. याला डच कोको म्हणतात. घटकांच्या यादीत ५०१ क्रमांकाचा आम्लता नियंत्रक, म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट, दिसला तर बहुधा तो डच कोको. क्षारामुळे कोकोतली फ्लॅव्हनॉल नावाची उपयोगी द्रव्यं बरीच घटतात हे खरं. पण झाकायला साखर नसताना मी डच कोकोच घेतो. औषध म्हणून कोको प्यायचा असेल तर नैसर्गिक घ्या आणि तोंड वाकडं करत प्या.

दुसरी युक्ती मिठाची. सोडियम जिभेवरच्या कडू चवीला दाबतं आणि कडू दबलं की तीच गोडी जास्त जाणवते. कपाला चिमटीच्या टोकावर मावेल एवढंच मीठ, खारट लागता कामा नये.

तिसरी युक्ती नाकाची. व्हॅनिलाच्या वासाने पदार्थ आहे त्यापेक्षा गोड वाटतो. व्हॅनिला स्वतः गोड नाही, पण आइस्क्रीम खाऊन खाऊन मेंदूने त्या वासाची गोडाशी गाठ बांधलेली असते. ही गाठ ज्याच्या त्याच्या ताटावर अवलंबून असते. आत्याची गाठ व्हॅनिलाशी नाही, जायफळ-वेलदोड्याशी आहे. पुरण, श्रीखंड, बासुंदी, सगळीकडे तोच वास. जायफळ किसून घातलं त्या रात्री तिने विचारलं, "आज गोडी वाढवलीस का?" वाढवली नव्हती.

मुळात चॉकलेट जन्मापासून बिनसाखरेचंच होतं. मेक्सिकोतले अ‍ॅझटेक लोक कोको पाण्यात घोटून, मिरची आणि व्हॅनिला घालून प्यायचे. साखर स्पॅनिश लोकांबरोबर आली. त्या जुन्या पेयाचा मान फेसात होता. एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून ते फेस काढत. पुढे मोलिनियो नावाची लाकडी घुसळणी आली. दांडा दोन तळहातांत धरून फिरवायचा, खाली कोरीव डोकं. आपल्या रवीची सख्खी बहीणच. साखर गेल्यावर पेय जरा पाणचट लागतं, त्यावर हा फेस नामी उतारा आहे, कारण हवेचे बारीक बुडबुडे जिभेला दाटपणाचा भास देतात. कॉर्नफ्लॉरनेही दाटपणा येतो, पण तोही शेवटी स्टार्च, पोटात जाऊन ग्लुकोजच होणार. कपाला अर्ध्या चमच्याच्या वर नको.

आता दुधाकडे वळू, कारण बिनसाखरेच्या चॉकलेटमधली खरी साखर तिथे लपलेली असते. १०० मिलिलिटर दुधात पावणेपाच ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असतं. २०० मिलिलिटरचा मोठा कप प्यायलात तर नऊ-साडेनऊ ग्रॅम, म्हणजे साखरेचे दोन चमचे. लॅक्टोज फारसं गोड लागत नाही, म्हणून लक्षात येत नाही, पण पोटात त्याचं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज होतंच. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत तर जवळपास निम्मं वजन लॅक्टोजचं. भारतातल्या अन्न नियमांनुसार १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर डब्यावर शुगरफ्री लिहिता येत नाही. घरगुती मिश्रणात चमचा-दोन चमचे दूध पावडर पडली तरी ते या कसोटीवर नापास. म्हणून मी ती घालतच नाही. कण सुटे ठेवायचं काम एरिथ्रिटॉल करतंय, मग दूध पावडर कशाला? शिवाय पावसाळ्यात ती हवेतला ओलावा पिऊन डब्यातच दगड होते. गूळ पावडर किंवा खजूर पावडर घालून शुगरफ्री म्हणणाऱ्यांना तर काय बोलावं. गूळ म्हणजे बहुतांश साखरच.

आमच्या घरचं प्रमाण असं: १०० ग्रॅम डच कोको, १५० ग्रॅम दळलेलं एरिथ्रिटॉल, पाव चमचा मीठ, अर्धं जायफळ किसून, सहा-सात वेलदोड्यांची पूड. गोडी आणखी हवी असेल तर चिमूटभर शुद्ध स्टीव्हिया अर्क. तो एवढ्या पावडरीत सारखा मिसळायला औषधनिर्मात्यांची जुनी रीत वापरतो. आधी चिमूट चमचाभर कोकोत, मग ते दोन चमच्यांत, मग चारांत, असं दुपटीने वाढवत जायचं. थेट डब्यात टाकून हलवलं तर एखाद्या कपाला सगळी चिमूट जाते आणि स्टीव्हियाचा रेंगाळणारा कडवटपणा नशिबी येतो. स्टीव्हियाच्या पुड्या घेत असाल तर घटक वाचा. वजन भरायला त्यात डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असू शकतं, आणि ती दोन्ही रक्तातली साखर झपाट्याने वाढवतात.

एका कपाला २० ग्रॅम मिश्रण, ५० मिलिलिटर गरम पाणी, १०० मिलिलिटर दूध. लॅक्टोज पाच ग्रॅमच्या आत राहतं. घरात कुत्रा असेल तर डबा वरच्या फळीवर, कारण कोकोतलं थिओब्रोमीन कुत्र्याला विषारी असतं. एरिथ्रिटॉलच्या जागी झायलिटॉल हे दुसरं शर्करा-अल्कोहोल वापरलं असेल तर धोका आणखी मोठा.

आत्याला रोज नाही, आठवड्यातून दोनदाच देतो. २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात जास्त आढळले होते. शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. तरी जपलेलं बरं, असं मी आणि तिच्या डॉक्टरांनीही ठरवलं.

कपाच्या तळाशी थोडा गाळ अजूनही उरतोच. कोको दुधात विरघळत नाही, त्याचे कण फक्त तरंगत असतात आणि गप्पा रंगल्या की हळूहळू खाली बसतात. पिण्याआधी पुन्हा ढवळ, असं मी दर वेळी सांगतो. आत्या ऐकत नाही. शेवटी कप तिरका करून तो गाळ बोटाने पुसून खायचा असतो तिला.