तीस फूट बर्फ पडलाच नव्हता

अमेरिकेच्या उत्तर भागात कुणी नातेवाईक असेल तर डिसेंबर-जानेवारीत घरच्या ग्रुपवर स्नोचे फोटो येतातच. त्यातच कुणीतरी एक जुना कृष्णधवल फोटो ढकलून देतं. बर्फाच्या ढिगावर माणूस उभा, पायाशी गाडीचं जेमतेम टप दिसतंय, आणि खाली मजकूर: ‘बफलो, १९७७. एका रात्रीत ३० फूट बर्फ पडला!’ ढीग खरा, साल खरं, काही ठिकाणी ३० फूट हेही खरं. पडला, एवढंच खोटं.

बफलो शहर न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या पूर्व काठावर आहे. तिथे एका हिवाळ्यात सरासरी ९५ इंचांच्या आसपास बर्फ पडतो. १९७६-७७ मध्ये १९९.४ इंच पडला, म्हणजे पाच मीटर, आणि तो विक्रम अजून उभा आहे. पण त्या काळातल्या बफलोकरांना विचारलंत तर ते हा आकडा सांगत नाहीत, २८ जानेवारी १९७७ ला आलेलं हिमवादळ सांगतात. आणि त्या वादळाच्या चार-पाच दिवसांत शहरावर आकाशातून नवा बर्फ पडला तो फक्त फूटभर. मग ३० फुटांचे ढीग आले कुठून?

उत्तर सरोवरात आहे. त्यासाठी तिथे बर्फ मुळात पडतो कसा ते पाहावं लागेल, आणि हा माझा आवडता विषय असल्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

नोव्हेंबरात कॅनडाकडून थंड, कोरडी हवा खाली येते. सरोवराचं पाणी मात्र उन्हाळ्यातली उष्णता धरून असतं; हवा शून्याखाली गेली तरी पाणी आठ-दहा अंशांवर असतं. पाण्यावरून जाणारा हवेचा तळचा थर तापतो, वाफ घेतो आणि वर चढू लागतो. आता वर चढणारी, अजून ढग न झालेली हवा दर किलोमीटरला साधारण १० अंश सेल्सिअसने थंड होते. हवामानशास्त्रज्ञ ८५० हेक्टोपास्कल दाबाची पातळी बघतात. ती समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटरवर, म्हणजे सरोवराच्या पृष्ठभागापासून सव्वा ते दीड किलोमीटर वर असते. तिथवर पोहोचेपर्यंत हवेचा गोळा १३ अंशांच्या आसपास थंड होणार. म्हणजे त्या उंचीवरची आजूबाजूची हवा पाण्यापेक्षा १३ अंशांहून अधिक थंड असेल, तर आपला गोळा तिथे पोहोचूनही शेजाऱ्यांपेक्षा उबदारच राहतो आणि चढतच जातो. ढग बनतात, बर्फ पडतो. तिथले अंदाजकर्ते या १३ अंशांच्या फरकावर डोळा ठेवून असतात.

पुढचा मुद्दा दिशेचा. ईरी सरोवर जवळपास ३९० किलोमीटर लांब आणि अरुंद आहे. वारा नेमका लांबीच्या दिशेने वाहिला तर दोन्ही काठांकडून हवा मधोमध गोळा होते आणि ढगांचा एकच दाट पट्टा तयार होतो, रुंदी दहा-वीस किलोमीटर. पट्टा ज्याच्या डोक्यावर, त्याचं कल्याण. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफलोच्या दक्षिण उपनगरांत पाच-सहा फूट बर्फ साचला होता आणि काही मैलांवरच्या उत्तर भागात काही इंच. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्कला ८० इंचांच्या आसपास पडला.

या सगळ्याला पाणी उघडं, म्हणजे न गोठलेलं लागतं. (म्हणूनच ‘इतका बर्फ पडतोय, मग कुठे आहे तुमची तापमानवाढ?’ हा प्रश्न फसवा आहे. सरोवर उशिरा गोठलं तर हा कारखाना जास्त दिवस चालतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये सिनेटर जिम इनहॉफ यांनी भर सिनेटमध्ये बर्फाचा गोळा फेकून तापमानवाढीची खिल्ली उडवली होती. एका गोळ्याने जागतिक सरासरी कळत असती तर वेधशाळा बंदच कराव्या लागल्या असत्या. दर २ फेब्रुवारीला पेनसिल्व्हेनियात ग्राउंडहॉग नावाच्या प्राण्याच्या सावलीवरून हिवाळा किती उरलाय ते ‘ठरतं’, तोही त्याच पठडीतला प्रकार, फक्त निरुपद्रवी.)

ईरी उथळ आहे, सरासरी खोली १९ मीटर, त्यामुळे ते लवकर गोठतं. १९७६ च्या कडाक्याच्या थंडीत ते १४ डिसेंबरलाच गोठलं. कारखाना बंद झाला, पण इतर मार्गांनी येणारा हलका, कोरडा बर्फ पडतच राहिला आणि त्या हजारो चौरस किलोमीटरच्या सपाट पाटावर साठत गेला. २८ जानेवारीला दुपारच्या सुमाराला वारा सुटला, झोत ताशी १११ किलोमीटरपर्यंत. दीड महिन्याचा साठा उचलून त्याने काठावरच्या शहरावर आणून टाकला. समोरचं दिसेना, लोक रस्त्यात अडकले, काही गाडीतच दगावले. एकूण बळी २९.

वाऱ्याने आणलेला बर्फ नुसता पडलेल्या बर्फासारखा नसतो. ताज्या बर्फाचे काटेरी हात एकमेकांना टेकून राहतात, मधे हवाच हवा, पिंजलेल्या कापसासारखी. सरोवरावरून घरंगळत येताना ते हात मोडतात, बारीक गोल कण उरतात. हे कण घट्ट बसतात आणि जिथे टेकतात तिथे जोडले जातात, वितळण्याचीही गरज नसते. काही तासांत ढीग इतका टणक होतो की रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या नेहमीच्या गाड्या, स्नोप्लाउ, हात टेकतात; मातीकामाची अवजड यंत्रं आणावी लागली. बफलोच्या प्राणिसंग्रहालयातली तीन रेनडियर कुंपणाला टेकलेल्या अशाच ढिगावरून चालत बाहेर पडली आणि शहरात भटकली. ३० फूट आठवणारे लोक खोटं बोलत नाहीत. त्यांनी ढीग पाहिलाय, वेधशाळेने पाऊस मोजावा तसा पडलेला बर्फ मोजलाय.

तेव्हा शेजारच्या ऑन्टॅरिओ सरोवराचं काय? ते सरासरी ८६ मीटर खोल, सहसा पूर्ण गोठत नाही. त्यामुळे तिथला कारखाना चालूच राहिला आणि पूर्वेच्या टग हिल पठारावरच्या हूकर या गावी त्याच हिवाळ्यात ४६६.९ इंच बर्फ नोंदला गेला. जवळपास बारा मीटर! तरी आठवणीत बफलोच.

मोजण्यातही एक गोम आहे. पांढऱ्या फळीवर साचलेला बर्फ पट्टीने मोजतात आणि फळी पुसतात. साचलेला बर्फ स्वतःच्या वजनाने दबत जातो. म्हणून जितक्या वेळा पुसाल तितकी बेरीज फुगते. नियम असा की चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा मोजायचं नाही. जानेवारी १९९७ मध्ये टग हिलवरच्या मॉन्टेग्यू इथे चोवीस तासांत ७७ इंच नोंदले गेले. कोलोरॅडोतल्या सिल्व्हर लेकचा १९२१ पासून मानला गेलेला ७५.८ इंचांचा विक्रम मोडला म्हणून बातम्या झळकल्या. विक्रम तपासणाऱ्या समितीने वही तपासली, तर मोजमापं सहा वेळा घेतलेली. विक्रम फेटाळला. गंमत म्हणजे सिल्व्हर लेकचे ७५.८ इंचही थेट मोजलेले नव्हते; साडेसत्तावीस तासांत पडलेल्या ८७ इंचांवरून त्रैराशिक मांडून काढलेले होते.