कांजिण्या (लहान मुलांची घरातली काळजी)

व्हॅरिसेला-झोस्टर विषाणूमुळे होणारा ताप आणि खाजऱ्या, पाणीदार फोडांचा साथीचा आजार. सोलापुरात थंडी सरता सरता सुरू होतो आणि ऊन चढेपर्यंत चालतो. कुणी 'अंगावर देवी आल्या' म्हणतं, तर पूर्वभागातल्या तेलुगू घरांत 'अम्मवारू'.

हा आजार खऱ्या देवीपासून वेगळा कधी ओळखला गेला यावर एकमत नाही. काही जण सोळाव्या शतकातल्या सिसिलीच्या इन्ग्रासियाला मान देतात, पण त्याने वर्णन केलं ते कांजिण्यांचंच का, ही शंका राहतेच. १६९४ च्या सुमारास रिचर्ड मॉर्टनने तर याला सौम्य देवीच मानलं. लंडनच्या विल्यम हेबर्डेनने १७६७ मध्ये दोन्ही आजार नीट वेगळे मांडले, आणि आपल्याला हाच दावा जास्त पटतो. फरक साधा आहे, देवीत सगळे फोड एकाच अवस्थेत आणि हातापायांवर जास्त, कांजिण्यांत छाती-पाठीवर जास्त आणि एकाच वेळी लाल ठिपका, पाण्याचा फोड, खपली असं सगळं दिसतं. १८९० च्या आसपास हंगेरीच्या बोकाईला दिसलं की घरात कुणाला नागीण झाली की पोरांना कांजिण्या येतात. विषाणू एकच, हे विसाव्या शतकाच्या मध्यात थॉमस वेलरने पक्कं केलं. म्हणजे आजीला नागीण असेल तर फोड सुकेपर्यंत नातवाला तिच्या कुशीत देऊ नये.

लागण झाल्यापासून १० ते २१ दिवसांत फोड उठतात. पुरळाच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या खपल्या धरेपर्यंत आजार पसरतो, तोवर बालवाडी बंद.

खरी लढाई खाजेशी असते. नखं पोर झोपलं की कापावीत, जागेपणी कुणी कापू देत नाही. कॅलामाइनची बाटली आधी हलवावी, गुलाबी साका तळाला बसलेला असतो. 'अंघोळ नको' हे जुनं बंधन मात्र सोडावं. कोमट पाण्याची रोज अंघोळ, मग जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने टिपून घ्यायचं, आपला टेरी टॉवेल खसाखसा चोळला की फोड फुटले म्हणून समजा. कडुनिंबाचा पाला पाण्यात घातला तर घाला, त्यावाचून अडत नाही. तापलेल्या पोराला चादरीत गुंडाळू नये, मार्चनंतर तर नकोच. तोंडात फोड असतील तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी काही दिवस बाजूला, पेज, मऊ भात, गार ताक चालतं.

तापाला पॅरासिटामॉल, वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास. ॲस्पिरिन अजिबात नाही (राय सिंड्रोममध्ये यकृत आणि मेंदूवर घाला येतो), आयब्युप्रोफेनही टाळतात, आणि मोठ्यांची गोळी अर्धी करून देणं तर नकोच. धाप लागली, पोर सुस्त पडलं, झोक जाऊ लागला, फोडाभोवती लाल होऊन सुजलं किंवा चार दिवसांनीही ताप हटेना तर घरी थांबू नये, सिव्हिल गाठावं. तान्हं बाळ आणि पूर्वी कांजिण्या न झालेली गरोदर बाई यांचा नुसता संपर्क आला तरी लगेच डॉक्टरांना सांगावं.

लस जपानच्या मिचियाकी ताकाहाशींनी १९७४ मध्ये तयार केली. सरकारी मोफत लसीकरणात ती नाही, खासगी बालरोगतज्ज्ञाकडे १५ महिन्यांनंतर दोन डोस घेतात.